गाडीच्या पोटाला तेल

गाडीच्या पोटाखाली काय चाललंय, याचा विचार मी पंधरा वर्षांत एकदाही केला नव्हता. आता सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापैकी किती जणांनी केलाय? खरं सांगा. आपण काच पुसतो, टप पुसतो, आरशावर फुंकर मारून तोही पुसतो. खाली वाकून कोणी बघत नाही. माझ्या बाबतीत तर कंबर हे एक कारण आणि स्वाभिमान हे दुसरं.

तो स्वाभिमान वाहन तपासणी केंद्रातल्या साहेबांनी एका स्क्रूड्रायव्हरने उतरवला. गाडीला पंधरा वर्षं झाली की तिला रस्त्यावर राहायची परवानगी नव्याने काढावी लागते. मी आणि आमची ही, दोघं एका बुधवारी गाडी घेऊन गेलो. साहेब म्हणजे काटकुळा माणूस, कानामागे पेन, चेहऱ्यावर गेल्या कित्येक वर्षांत हसल्याची खूण नाही. ते गाडीखालच्या खड्ड्यात उतरले आणि ठोकू लागले. टक, टक, टक. मला वाटलं, झालं आपलं काम. तेवढ्यात एका ठिकाणी आवाज आला ‘भस्स’, आणि साहेबांच्या बाहीवर तांबडा चुरा पडला.

“हे काय आहे?” साहेबांनी खालून विचारलं.

“गंज असावा,” मी म्हणालो.

“असावा?” साहेब वर आले. “अहो, नुसता गंज आहे. आतली चौकट अजून धड आहे म्हणून सोडतो. आठ दिवस देतो. खरवडून घ्या, वरून काहीतरी संरक्षण लावा, पुढच्या बुधवारी आणा. तेव्हा हा स्क्रूड्रायव्हर आत गेला तर गाडी सरळ भंगारात.”

गाडी भंगारात गेली असती तर मी चार दिवस हळहळलो असतो आणि बसचा पास काढला असता. पण भंगार हा शब्द ऐकताच आमच्या हिचा चेहरा पडला. हिने त्रेपन्नाव्या वर्षी, सगळ्यांचे टोमणे झेलत, गाडी चालवायचा परवाना काढला होता. त्याला तीन महिने झाले होते. हिला फक्त हीच गाडी चालवता येते, कारण या गाडीचा क्लच नेमका कुठे पकडतो ते हिच्या पायाला पाठ झालंय. आणि हिच्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे आमच्या ताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना पुढच्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी हॉस्पिटलातून सोडणार होते, आणि त्या महिनाभर आमच्याकडे राहणार होत्या.

या ताईंनी हिला लहानपणी बोट धरून शाळेत नेलं, पुढे बाळंतपणाला दवाखान्यात नेलं, सगळीकडे नेलं. हिने गाडी शिकायला घेतली तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, “तुला नाही गं जमायचं. तू आपली शेजारी बसावीस.” त्यावर ही त्यांना फोनवर सांगून बसली होती, “गुरुवारी तुला न्यायला मी येणार. स्वतः गाडी चालवत.”

“ताईला काय सांगू आता?” परत येताना हिने विचारलं.

“काही सांगू नकोस. आठ दिवस आहेत,” मी म्हणालो. “मी बघतो.”

‘मी बघतो’ हे मी ज्या ज्या वेळी म्हणालो, त्या त्या वेळी काय झालं याची हिच्याकडे पूर्ण यादी आहे.

मी कार्यालयात तीस वर्षं रेकॉर्ड विभाग सांभाळलेला माणूस. कुठलंही काम हाती घेतलं की आधी फाइल उघडायची, मग चार जणांचे अभिप्राय मागवायचे, ही माझी पद्धत. मी गंजाची फाइल उघडली आणि अभिप्राय मागवायला खाली पार्किंगमध्ये गेलो. तिथे अभिप्राय मागवावे लागत नाहीत, ते आधीच उभे असतात.

पहिले भेटले दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर. यांनी आयुष्यभर छताचे पंखे बनवले, पण जी जी वस्तू फिरते तिच्यावर आपला अधिकार आहे असं ते मानतात. ते म्हणाले, “रबराचा काळा लेप मारा. जाड. एकदा मारला की खाली काय आहे ते दिसतच नाही.” मला हे फार पटलं. न दिसणं ही निम्मी सुटका असते. तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी आले. ते म्हणाले, “काहीही मारा, पण इथे मारू नका. फरशी नवीन आहे.” पार्किंगला त्यांनी गेल्याच महिन्यात दुधी रंगाची फरशी बसवून घेतली होती आणि रोज सकाळी ते तिच्यावरून अनवाणी चालून धूळ तपासायचे. पार्किंगमध्ये! तळमजल्यावरच्या आजोबांनी गाडी विकायचा सल्ला दिला. त्यांनी मला माझ्या लग्नाच्या वेळीही ‘सोडून द्या’ असाच सल्ला दिला असता, अशी त्यांची एकंदर प्रकृती.

अभिप्राय घेण्यात बुधवार ते शनिवार गेले. रविवारी सगळंच बंद. फाइलमध्ये नऊ कागद झाले होते आणि गाडीखालचा गंज जागच्या जागी होता.

“झालं का बघून?” हिने विचारलं. एवढंच. मी सोमवारी सकाळी रजा टाकली.

गंजावर काम करणारे एक उस्ताद गावाबाहेरच्या रस्त्यावर आहेत असं कळलं होतं. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा, कोपरापर्यंत तेलाने चकाकणारे हात. त्यांनी गाडी उचलून वर घेतली आणि मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या खाली उभा राहिलो. चिखलाचे थर, सुकलेली पानं, कुठेकुठे तांबडे पापुद्रे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कधी खाली बघितलं होतंत?” उस्तादांनी विचारलं.

“तसा वेळ मिळाला नाही.”

“पंधरा वर्षं?”

मी विषय बदलला. म्हटलं, “रबराचा काळा लेप मारा. जाड.”

उस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरच्या कुणाबद्दल वाईट बोललो होतो. “कोणी सांगितलं?”

“एक इंजिनिअर आहेत.”

“कशाचे?”

“पंख्यांचे.”

“त्यांना म्हणावं पंख्याला मारा.” उस्तादांनी छोट्या हातोडीने गाडीची कड वाजवली आणि कान लावून ऐकलं. “हे बघा, काळा लेप वरून छान दिसतो. पण त्याला चीर गेली की आत पाणी जातं, आणि मग गंज आतल्या आत सुखाने संसार करतो. कोणाला पत्ता लागत नाही. त्यापेक्षा तेल. तेल सांधीत शिरतं, सरपटत सरपटत कोपऱ्यात जातं, पाण्याला हाकलतं. दरवर्षी लावायचं. तुमची गाडी वाचेल. पत्रा वाजतोय अजून. ऐका.”

मी ऐकलं. मला काही कळलं नाही, पण ‘वाचेल’ हा शब्द कळला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग चार तास तारेच्या ब्रशने खरवडणं, धुणं, गरम हवेने वाळवणं. त्यानंतर उस्तादांनी एक लांब नळी घेतली. दाराखाली, चौकटीत, जिथे जिथे कारखान्यानेच भोकं ठेवलेली असतात तिथून नळी आत घालून त्यांनी तेल फवारलं. मधाच्या रंगाचं, दाट. शेवटी सगळं पोट चकचकीत झालं. इतकं काळजीपूर्वक काम मी रेकॉर्ड विभागातसुद्धा बघितलेलं नाही, आणि हे मी सहज बोलत नाही.

“आता नीट ऐका,” उस्ताद म्हणाले. “दोन दिवस तेल गळेल. जास्तीचं आहे ते, गळू द्या. पुसू नका, धुऊ नका, झाकू नका.”

मी ते कागदावर लिहून घेतलं, तारीख घातली आणि फाइलला लावलं. लिहून ठेवलेली सूचना पाळावीच लागते असं नाही, हे मात्र तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मंगळवारी सकाळी दाराची बेल वाजली. सेक्रेटरी, अनवाणी.

“तुमच्या गाडीला काय जुलाब लागलेत का?”

मी खाली धावलो. दुधी फरशीवर गाडीच्या आकाराचं तेलाचं तळं झालं होतं, आणि त्यातून सेक्रेटरींच्या पावलांचे ठसे लिफ्टपर्यंत गेले होते. “हे जास्तीचं तेल आहे, आपोआप थांबेल,” मी समजावलं. ते म्हणाले, “फरशीला समजावा.”

आता मी तरी काय करणार? मी खाली पुठ्ठे टाकले. तेल पुठ्ठ्यांखालून निघालं. इंजिनिअर म्हणाले, भुसा टाका. भुसा टाकला, तर वारा सुटला आणि भुसा सेक्रेटरींच्या गाडीवर जाऊन बसला. मग मी वर्तमानपत्रांचे बोळे घेऊन आडवा झालो आणि गाडीचं पोट पुसलं. म्हणजे पहिली सूचना मोडली. पुसलं की ते जरा थांबायचं आणि मग दुप्पट जोमाने टपकायचं. संध्याकाळी सेक्रेटरींनी सूचना फलकावर कागद लावला. त्यात माझं नाव नव्हतं, फक्त ‘काही बेजबाबदार वाहनधारक’ असं होतं. इमारतीत वाहनधारक चारच आहेत.

माझ्या आयुष्यात मला अनेकांनी अनेक गोष्टी म्हटल्या, पण बेजबाबदार? ज्याने तीस वर्षांत एक कागद हरवला नाही त्याला? माझं डोकं सणकलं. मी वर गेलो, कपाटातून एक जुनी दिसणारी मोठी चादर काढली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने ती गाडीच्या पोटाला पुढून मागून घट्ट बांधली. झोळीसारखी. तेल झोळीत, फरशी कोरडी, माझी अब्रू शाबूत. मी दोन पावलं मागे होऊन पाहिलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. ‘झाकू नका’ ही सूचनाही मोडली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

बुधवारी सकाळी निघताना मी हिला विश्वासात घेतलं. “केंद्राच्या फाटकाशी थांबून चादर सोडतो. दोन मिनिटांचं काम.”

“कुठली चादर?” हिने विचारलं.

फाटकाशी मागे सात गाड्यांची रांग होती. पहारेकऱ्याने थांबूच दिलं नाही. शिट्टी फुंकत आम्हाला सरळ आत ढकललं, आणि दोन मिनिटांत गाडी खड्ड्यावर उभी. साहेब खाली उतरले. बॅटरी लावली.

“हे काय आहे?”

“चादर,” मी म्हणालो.

“कशाची?”

“डबल बेडची.”

ही खड्ड्याच्या काठाशी वाकली आणि तिने बघितलं. जांभळ्या फुलांची. “अहो!” ती म्हणाली. “ताईसाठी काढून ठेवली होती मी ती! नवीन!”

“सोडा ती आधी,” साहेब म्हणाले आणि समजूतदारपणे बाजूला सरकले. मी खड्ड्यात उतरलो आणि गाठ सोडली. झोळीत एका रात्रीचं तेल साठलेलं असतं, हे गाठ सोडण्याआधी आठवायला हवं होतं. ते सगळं माझ्या दोन्ही हातांवर, छातीवर आणि थोडं कानात गेलं. साहेबांच्या फॉर्मवर फक्त एक थेंब पडला, पण तो नेमका रकाना सत्तावीसवर पडला. रकाना सत्तावीस म्हणजे ‘तेलगळती: आहे / नाही’.

साहेबांनी थेंबाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पेन ‘आहे’कडे नेलं.

“साहेब, थांबा! ही गळती नाही, लेप आहे!”

“फॉर्ममध्ये लेप नाही. एक तर आहे, नाही तर नाही.”

“पण हे मुद्दाम लावलंय!”

“गळती मुद्दाम केली तर चालते, असं कुठे लिहिलंय?”

माझ्या स्वतःच्या विभागात मी अशी उत्तरं देऊन किती लोकांना परत पाठवलंय, ते सगळे चेहरे मला त्या खड्ड्यात दिसू लागले. हिने उस्तादांना फोन लावला आणि माझ्या कोरड्या कानाला धरला.

“पुसू नका म्हटलं होतं,” उस्ताद म्हणाले.

“हो.”

“झाकू नका म्हटलं होतं.”

“…हो.”

“धुतलीत का?”

“नाही!” मी अभिमानाने म्हणालो.

“चला, एक तरी ऐकलंत. साहेबांना फोन द्या.”

दोघं बराच वेळ बोलले. साहेब नुसतं ‘हं, हं’ करत होते. फोन ठेवून ते म्हणाले, “ते म्हणतात इंजिनाचं तेल काळं असतं, त्यांचं मधासारखं. इंजिन तापलं की त्यातून काय येतं ते बघू. गाडी चढावर नेऊन आणून दाखवा. पण आधी चौकटीवरचा नंबर.”

हा नंबर लोखंडात कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. साहेबांनी कागद ठेवला. तेलाने कागद भिजला, पेन्सिल सर्रकन घसरली. दुसरा कागद, तोही गेला. मी पुसायला हात पुढे केला तर माझ्याच हाताने तिथे आणखी तेल लागलं. मागच्या सात गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. साहेब घड्याळ बघून म्हणाले, “असं करा, पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात! मी हिच्याकडे बघितलंच नाही. बघायची हिंमत नव्हती. आठ दिवस होते हातात, आणि मी चार दिवस नऊ कागद जमवत बसलो होतो. खरं तर तिने मला तिथेच फाडून खायला हवं होतं.

“जरा सरका बाजूला,” ही म्हणाली.

तिने रुमालाने नंबरची जागा टिपून घेतली. मग पर्समधून पावडरची डबी काढली, लोखंडावर पावडर शिंपडली आणि हलकी फुंकर मारली. वरची पावडर उडाली आणि खाचांत अडकलेली तशीच राहिली. काळपट लोखंडावर सगळे आकडे पांढरे शुभ्र उमटले. साहेब वाकले. त्यांनी एकेक आकडा वाचून ताडून बघितला, मग मोबाइलने फोटो काढला.

“बावीस वर्षं आहे मी इथे,” ते म्हणाले. “हे नव्हतं बघितलं.”

मी विजयी मुद्रेने गाडीच्या दाराकडे निघालो. साहेबांनी मला अडवलं. “हे हात घेऊन स्टिअरिंग धरणार? निसटेल. मी बसणार नाही तुमच्या शेजारी.”

“मी चालवते,” ही म्हणाली आणि परवाना पुढे केला.

“तीन महिनेच झालेत?”

“हो. पण रोज चालवते.”

साहेब बसले. मी तेलाने निथळत कठड्याशी उभा राहिलो. गाडी निघाली. मी जागच्या जागी पाय दाबत होतो, गिअर टाकत होतो. शेजारी एक ट्रकवाला उभा होता, तो म्हणाला, “काका, तुम्ही इथे आहात.” पहिली फेरी नीट झाली. मग ती चढावर गेली आणि मध्यावर साहेबांनी थांबायला सांगितलं. चढावर थांबून पुन्हा निघणं! हे हिला एकदाही धड जमलेलं मी बघितलं नव्हतं. गाडी थांबली. निघताना पाव इंच मागे आली. आणि मग ती तिथेच, हवेत लटकावी तशी, स्थिर राहिली. क्लच पकडला होता. इंजिनाने एक दीर्घ हुंकार दिला आणि गाडी चढ चढून गेली.

मी टाळ्या वाजवल्या. तेलामुळे आवाज आला नाही.

खाली आल्यावर साहेबांनी इंजिन चालू ठेवून खाली एक कोरा कागद सरकवला. पाच मिनिटं आम्ही चौघं, ट्रकवाल्यासकट, त्या कागदाकडे बघत होतो. दोन थेंब पडले. मधाच्या रंगाचे. मग साहेब स्क्रूड्रायव्हर घेऊन खड्ड्यात उतरले. टक. टक. मागच्या वेळच्या जागी आले. मी डोळे मिटून घेतले. टक.

“पत्रा चांगला आहे,” खालून आवाज आला. “दरवर्षी लावत जा.”

रकाना सत्तावीसमध्ये त्यांनी ‘आहे’ खोडलं, ‘नाही’ही खोडलं, आणि समासात स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘तेल हेतुतः लावले आहे. गळती आढळली नाही.’ खाली सही, शिक्का. सरकारी माणसाने फॉर्मबाहेर लिहिलेलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. त्याला काय धैर्य लागतं, ते मला ठाऊक आहे. मला ते कधी झालं नव्हतं. मी साहेबांना हात जोडले, कारण माझे तेलकट हात मिळवण्यासारखे नव्हते.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही हॉस्पिटलच्या दाराशी होतो. ताई वॉकर टेकत बाहेर आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊजी, हळू चालवा हं, टाके आहेत.”

“ते मागे बसणार आहेत,” ही म्हणाली.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मागचं दार उघडून निमूटपणे बसलो. त्यांना पुढे बसवलं, सीट मागे सरकवली, गुडघ्याखाली उशी दिली. मांडीवरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. पहिल्या सिग्नलपर्यंत त्या श्वास रोखून होत्या. दुसऱ्या सिग्नलला पिशवी एका हातात आली. पुलाच्या चढावर गर्दीत थांबावं लागलं, मागे बस, पुढे टेम्पो. ही थांबली आणि गाडी तसूभरही मागे न येता निघाली. ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि खिडकीची काच उघडली.

पुढचा सगळा रस्ता त्या दोघी बोलत होत्या. शाळेतल्या कुठल्याशा बाईंबद्दल, आईच्या कडक शिस्तीबद्दल. मधेच ताई म्हणाल्या, “किती वर्षं मी तुला न्यायचे गं.” हिने आरसा नीट केला, डोळे पुसले असतील तर ते मला मागून दिसलं नाही.

इमारतीच्या फाटकाशी गाडी थांबली. मी उतरून वॉकर काढणार, तेवढ्यात ताईंनी हिच्या हातावर हात ठेवला.

“घर काय पळून जात नाही,” त्या म्हणाल्या. “अजून एक चक्कर मार ना गं. लांबून ने.”

हिने पहिला गिअर टाकला. मला उतरायचंय का, असं कोणीही विचारलं नाही.